नुसतं अडकवलेलं कुलूप

बंद पडलेल्या प्रार्थनाघराच्या दाराला दोन कुलपं होती, आणि दोन्ही एकाच बापाच्या पोरांची. थोरल्याला तिथं सिमेंटचं गोदाम करायचं होतं, धाकटीला शिवणवर्ग. दोघांनी सगळं गाव डोक्यावर घेतलं आणि शेवटी एकमेकांशी बोलणंच टाकलं. गावाने वैतागून ठरवलं, गोदामही नाही आणि नुसता वर्गही नाही. सगळ्यांनी येऊन बसावं असं घर करायचं. एका बाजूला शिलाई यंत्रं, दुसऱ्या बाजूला पुस्तकांची कपाटं. काम या दोघांनीच उरकायचं. सकाळी आपापलं कुलूप काढायचं, संध्याकाळी आपापलं लावायचं, आणि दुसऱ्याच्या कुलपाला जो हात लावेल तो कामातून बाद. एवढाली मोठी माणसं, पण पोरासोरांसारखी वाटणी करून द्यावी लागली, आता बोला!

बाबा, म्हणजे यांचे वडील, जुने सुतार. छातीचं दुखणं जडलेलं, पण स्वस्थ बसतील तर शपथ. प्रार्थनेच्या जुन्या बाकांची कपाटं तेच करत होते. राहायचे एक महिना लेकीकडे, एक महिना लेकाकडे.

त्या दिवशी महिना पालटला होता, आता पाळी लेकाकडची. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. धाकटीने आपली बाजू झाडली, आपलं कुलूप लावलं आणि घर गाठलं. थोरला अंगणात उभाच होता. तिची पाठ वळल्यावर त्यानेही आपलं लावलं. बाबा दादाकडे गेले, असं तिने धरलं. आपलं सामान आणायला आधीच धाकटीच्या घरी गेले, असं त्याने धरलं. दुसऱ्याच्या बाजूला डोकावायचं नाही, ही दोघांची जुनी खोड.

घरी खुंटीवर बाबांची गोळ्यांची पिशवी दिसली तशी ती चरफडली. आता हे त्याच्या दारात नेऊन द्यायचं! गेली. दार वहिनीने उघडलं आणि पिशवीकडे बघून विचारलं, की बाबा तुमच्याकडेच आहेत ना? धाकटी पिशवी घेऊन तशीच मैदान ओलांडून पळत सुटली.

तिने आपलं कुलूप काढलं, दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. आतून लाकडावर काहीतरी ठोकल्याचा आवाज आला. मग तो थांबला. खिडक्या हाताला लागतील अशा नव्हत्याच. दादाचं कुलूप तिच्या नाकासमोर लोंबत होतं. तिने त्याला हात लावला नाही. तशीच उलटी पळाली.

"दादा, किल्ली दे," इतक्या वर्षांनी ती त्याच्याशी बोलली ते हे. "बाबा आत आहेत."

थोरल्याचा चेहरा उतरला. तो आत गेला, खण उपसले, गादी उलटी केली, सदऱ्यांचे खिसे चाचपले. वहिनी भिंतीला टेकून खाली बघत होती. धाकटीचा जीव टांगणीला लागलेला, आणि हा गडी सावकाश कपाटातल्या घड्या उलगडतोय! तिला त्याचं मानगूट धरावंसं वाटलं.

"अहो, सांगा ना आता," वहिनी हळूच म्हणाली.

थोरला हातातला सदरा धरून तसाच उभा राहिला. "किल्ली नाही. कधीचीच हरवली. कुलूप नुसतं अडकवलेलं असतं."

म्हणजे रोज सकाळी तिच्याकडे पाठ करून जुडगा खुळखुळवत हा जे उघडायचा, ते सगळं नाटक होतं. पण रागवायला तरी वेळ कुठे होता? दोघं पळत सुटली. तिने कुलूप ओढलं आणि ते सहज हातात आलं.

बाबा कपाटामागे पडले होते, शिडी आडवी, हातात हातोडी. ओठ काळेनिळे. तिने जिभेखाली गोळी सरकवली, थोरल्याने डोकं मांडीवर घेतलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग छाती हलली, पुन्हा हलली, आणि बाबांनी डोळे उघडून आधी याच्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. धाकटी तिथेच जमिनीवर बसून हमसून हमसून रडली.

डॉक्टरांना आणायला वहिनी गेली होती. कुलूप अजून धाकटीच्या मुठीत होतं.

"मी आधी इथे उभी होते, दादा. हे समोर होतं. मी हात लावला नाही."

"माहीत आहे," थोरला म्हणाला. त्याला मान वर करवेना. "तू लावणार नाहीस, याच भरवशावर तर ते इतके दिवस अडकवत होतो."