चालली म्हणून सांगायचं राहिलं

मी एक जुनी सीडी आहे. अंबाजोगाईतल्या एका किराणा दुकानामागच्या खोलीत, पत्र्याच्या डब्यात माझा मुक्काम असतो. इथं माझ्याशी बोलायला कुणी नाही.

मित्रांनो, मला केदारनाथनं घडवलं. तो दुकानाच्या मालकीणबाई बसम्मांचा मुलगा. तेव्हा गावोगावी कॉम्प्युटर क्लास निघत होते. जिथं तिथं विंडोज, आणि त्यात लिहिण्याचा प्रोग्रॅम बहुतेकांकडे कुणाचा तरी चोरून उतरवलेला. केदारनाथला जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेला, सर्वांना मोफत असा प्रोग्रॅम सापडला. पण तो बसवताना इंग्रजी प्रश्नांची रांगच लागे, आणि लोक घाबरून हात मागे घेत. म्हणून अख्खा हिवाळा खपून त्यानं मला तयार केलं. मला आत सरकवलं की मी मराठीत विचारी, ‘आधी वापरून पाहता का?’ काही न बसवता लिहायला घेता येई. नको वाटलं तर मला बाहेर काढायचं, बस्स.

केदारनाथनं मला टायपिंगवाल्या बंकटकडं नेलं. बंकटनं मला उलटसुलट करून पाहिलं.

“फुकट कावून देतो बे? माझ्या कॉम्प्युटरात हाय ते उडंल.”

“उडत न्हाई. एकदा लावून तर बघ.”

“ठिवून जा. बघतो.”

त्यानं बघितलं नाही. गल्ल्याखाली मी धूळ खात पडले. दुसऱ्या दुकानांत त्यानं वाटलेल्या माझ्या बहिणींचं, म्हणजे माझ्या प्रतींचंही, तेच झालं.

एके दिवशी वडवणीच्या नर्स मंगलबाई बंकटकडं झेरॉक्सला आल्या. आदल्या साली उसाच्या फडावर जुलाबानं एक लेकरू गेलं होतं. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत त्यांना बायकांसाठी माहितीची पुस्तिका लिहायची होती, आणि दवाखान्यातला प्रोग्रॅम उघडेनासा झाला होता.

“ही न्या बाई,” बंकट म्हणाला. “पडूनच हाय.”

त्या पुस्तिकेचं अक्षर न् अक्षर माझ्यामुळं उमटलं. आयुष्यात मी तेवढेच दिवस फिरले, पण काय फिरले! उन्हाळ्यात टोळ्या परतल्या तेव्हा त्यांतल्या एक कौशल्याबाई दवाखान्यात आल्या. “बाई, लेकीनं तुमचं पुस्तक वाचून मीठ-साखरेचं पानी पाजलं. नात वाचली.”

मंगलबाईंचे डोळे भरून आले. मला बनवणाऱ्याला हे सांगायचं, असं त्या मनाशी म्हणाल्या. पण कामाच्या रगाड्यात राहून गेलं.

बऱ्याच वर्षांनी बदली होऊन त्या अंबाजोगाईला आल्या आणि माझ्यावर लिहिलेला पत्ता शोधत मला घेऊन बसम्मांच्या दुकानात गेल्या.

“त्यो तर कवाच पुण्याला गेला,” बसम्मा म्हणाल्या. “कुनालाच नको, म्हणून सोडून दिलं त्यानं. लई मनाला लावून घेतलं.”

“मावशी, ही चालली म्हणून सांगा त्याला. एक लेकरू वाचलं.”

दिवाळीला तो आला. आईनं सांगितलं. कानशिलावर पांढरे केस आलेल्या केदारनाथनं मला हातात घेतलं.

“आई, मला वाटलं, कुणीच लावली न्हाई.”

त्याच्या नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायची जागाच नव्हती. मला पुसून त्यानं परत डब्यात ठेवलं.

मित्रांनो, कुणी कष्टानं केलेलं फुकट हाती आलं, तर एकदा वापरून पाहा. आणि उपयोगी पडलं, तर त्याला सांगा. तो माणूस गाव सोडून जायच्या आत सांगा.