चेतनच्या विरोधात कोण?

नागपूरच्या गांधीबागेतलं ते कापडाचं दुकान रविवारी बंद असे. पण कसोटी मालिकेच्या आधीच्या रविवारी मधुकरराव शटर अर्धं वर करून ठेवत, आणि त्याखालून वाकून आत येणाऱ्यांना भारताचा संघ निवडायचा अधिकार मिळे. मधुकरराव दुकानाचे मालक. यमुताई त्यांची थोरली बहीण. त्यांच्या कानाशी रेडिओ असला की घरात कोणी त्यांना हाक मारत नसे. दादाजी पोस्टातून निवृत्त झालेले. आणि मारोतराव उमरेडच्या विणकराचे चिरंजीव, याच दुकानात गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडता उलगडता म्हातारे होत आलेले.

पद्धत ठरलेली होती. एकानं खेळाडूचं नाव घ्यायचं आणि कापडाच्या नमुन्याचा एक तुकडा गादीवर मांडायचा. मग कोणीतरी त्या खेळाडूच्या विरोधात बोलायचंच. विरोध झाल्याशिवाय कोणी आत येत नसे. ज्याच्यातला दोष सांगता येत नाही त्याला आपण नीट पाहिलेलंच नाही, असं यमुताईंचं म्हणणं. कप्तानालाही सूट नव्हती. तो टॉस हरतो, एवढ्याच गोष्टीवर गेल्या खेपेला आलूबोंडे थंड होईपर्यंत वाद चालला होता.

आज मारोतरावांच्या पोटात सकाळपासून अन्न गेलं नव्हतं. संघ उद्या जाहीर व्हायचा होता, ऑस्ट्रेलियाशी पहिली कसोटी इथेच, जामठ्याच्या मैदानावर होती, आणि डावखुऱ्या फिरकीसाठी पेपरांत दोन नावं चालली होती. त्यातलं एक चेतनचं. मारोतरावांचा मुलगा. हुडकेश्वरला त्यांच्या घरी शेजारीपाजारी पेढ्यांची भाषा करत होते. त्यांच्या बोलण्यावर मारोतरावांचा भरवसा नव्हता. पोरगा खरंच त्या तोलाचा आहे का, हे त्यांना या गादीवरून ऐकायचं होतं.

मधुकररावांनी निळा तुकडा उचलला. "लेफ्ट आर्म स्पिनर. चेतन."

"हो," दादाजी म्हणाले.

"हो," यमुताई म्हणाल्या आणि पदरानं चष्मा पुसू लागल्या.

तुकडा गादीवर पडला. "आता विकेटकीपर बोला."

"थांबा ना गा," मारोतराव म्हणाले. "विरोधात कोण बोलते?"

"कोणी नाही."

"मग तो आत कसा आला?"

"अबे, आपला पोट्टा टेस्ट खेळून राहिला," मधुकरराव म्हणाले, "अन् तुले पंचनामा पाहिजे?"

"त्या बडोद्याच्या ऑफस्पिनरचा केला ना आत्ता, धुऊन काढला त्याले."

"तो बडोद्याचा आहे."

दादाजींनी हात जोडले. "माह्या आंगणात बॉल टाकणं शिकला तो. मी विरोधात बोललो तर नात जेवू देणार नाही मले."

ही माया होती, हे मारोतरावांना कळत होतं. पंगतीत नवरदेवाच्या ताटात न विचारता जिलेबी पडते, तशी ही जागा चेतनच्या ताटात पडली होती. पण अशी पडलेली जागा घेऊन ते करणार काय?

"ठीक आहे," ते म्हणाले. "मी बोलतो विरोधात."

"बाप आहे का दुश्मन?" मधुकररावांनी विचारलं.

"नियम आहे." त्यांनी घसा साफ केला. "त्याचा बॉल वळत नाही."

यमुताईंचा चष्मा पुसणारा हात थांबला. "काय म्हणाला?"

"वळत नाही. फ्लाइट पण नाही."

"मारोती, झोपून मॅच पाहून राहिला होता का तू? मेलेल्या विकेटवर हातभर वळवला त्यानं."

"वारा असन."

"वारा!"

"अन् दमते लवकर. दुपारनंतर तर..."

"चूप बस! काहीही बोलून राहिला. वळण आहे, फ्लाइट आहे, दिवसभर टाकू शकते. दोष सांगायचा तर खरा सांग ना गा! सिक्सर पडला की पुढचा बॉल..."

यमुताईंनी वाक्य अर्धंच सोडून चष्मा डोळ्यांवर चढवला.

"पुढचा बॉल काय, ताई?"

"काही नाही."

"बोला."

त्यांनी भावाकडे पाहिलं. भाऊ कापडाच्या ठाणांकडे पाहत होता. "जोरात टाकते," त्या हळू म्हणाल्या. "दर वेळी. मार बसला की घाई होते त्याले. बॉल टाकत नाही मग, हाकलते. रणजी ट्रॉफीत खपून जाते. ऑस्ट्रेलियावाले ओळखतील, अन् मुद्दाम मारतील."

लहानपणी रागावलं की चेतन घास न चावता गिळायचा आणि ताटावरून उठायचा. मारोतरावांनी तीच घाई टीव्हीवर पाहिली होती. पण आपल्याच मुलाबद्दल एकट्याला खात्री वाटत नाही. आता वाटली.

"पण विकेट त्याच बॉलवर मिळते ना कधी कधी!" दादाजी उसळले.

"कधी कधीच!" मधुकररावांना कंठ फुटला. "बाकी वेळ चौका जाते त्याच्यावर."

मग जुंपली. जेवू न देणारी नात दादाजी विसरले. आपला पोट्टा, परका पोट्टा हेही मागे पडलं. शेवटी मधुकररावांनी निळा तुकडा रांगेतून उचलून बाजूला ठेवला. "पंधरात. अकरात नाही." हे म्हणताना त्यांनी मारोतरावांकडे पाहिलं नाही. मारोतरावांनी आलूबोंडा उचलला आणि सावकाश खाल्ला. मग दुसरा घेतला.

तेवढ्यात सरावाच्या शिबिरातून चेतनचा फोन आला. मारोतरावांनी स्पीकर लावला.

"बाबा, झाली का निवड?"

"झाली. पंधरात आहेस. अकरात नाही."

"विरोधात कोण बोललं?"

"आपली यमुआत्या."

"सिक्सरनंतरचा बॉल?"

सगळे फोनकडे पाहू लागले.

"तुले माहीत आहे?" मारोतरावांनी विचारलं.

"माहीत आहे. पण इथं सगळे वा वा करून राहिले. मले वाटलं, माह्याच मनाचा खेळ आहे." चेतन हसला, सुटल्यासारखा हसला. "आत्या, मग करू काय?"

यमुताईंनी फोन ओढून घेतला. "बुटाची लेस बांध. फील्डर हलव. काहीही कर, पण दम खा. अन् मग हळू टाक."

"परत सिक्सर बसला तर?"

"तर बसू दे. तिसरा पण हळूच टाक."

फोन बंद झाला. मधुकररावांनी गादीवरच्या तुकड्यांची रांग नीट केली, निळ्याची जागा मोकळी ठेवून.

"चला, विकेटकीपर," मारोतराव सरसावून बसले. "घ्या कोणाचंही नाव. विरोधात मी."