टबातले तळे

मित्रांनो, मी अंघोळीचा एक जुना टब आहे, पण साबणाशी माझी गाठ पडून कित्येक वर्षे झाली. आता माझ्यात पाणकिडे पोहतात, काठाशी पुदिना वाढतो आणि उन्हाळ्यात चतुर माझ्या कडेवर बसून पंख वाळवतात. इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावरच्या एका गावात, शाळेच्या बागेत, जर्दाळूच्या झाडाखाली मी गळ्यापर्यंत जमिनीत बसलेलो आहे. माझ्याइतका सुखी टब साऱ्या किर्गिझ मुलखात नसेल. हे सुख मला कोणी दिले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म उरल पर्वताकडच्या एका भट्टीत झाला. लाल तापलेले लोखंड साच्यात ओतले, त्यावर पांढराशुभ्र मुलामा चढवला, आणि आगगाडीने व मग ट्रकने मी इथल्या आरोग्यधामात आलो. डोंगरातले गरम पाणी माझ्यात सोडत. गुडघे धरलेले मेंढपाळ आणि कंबर दुखणाऱ्या बाया त्यात निवांत बसून राहत. तिथल्या मोठ्या परिचारिकाबाई पाहुण्यांना माझ्या अंगावरून हात फिरवायला लावत. "बघा, माशी बसली तरी घसरेल," असे त्या म्हणत. त्या गुळगुळीतपणाचा मला फार अभिमान होता.

पुढे जुना मोठा देश मोडून नवा झाला, पाहुणे येईनासे झाले आणि आरोग्यधामाला कुलूप लागले. शाळेने मला कोळसा ठेवायला नेले. काही हिवाळे मी काळ्या पोटाने काढले. मग कोळशासाठी खोली बांधली, आणि मला शाळेमागे उपडे टाकून दिले. मुले माझ्या पाठीवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत. मला वाटे, आता भंगारवाल्याची गाडी येईल तेवढीच वाट पाहायची.

पण एके दिवशी बुरुलबाई आल्या. त्या शाळेत नव्याच होत्या आणि विज्ञान शिकवत. त्यांचा तास वर्गात कमी आणि मैदानात जास्त चाले. दगड उलटून पाहा, झाडाच्या सालीला कान लावा, पानाखाली कोण झोपले आहे ते शोधा, असे त्यांचे शिकवणे. "पुस्तकातला बेडूक उडी मारत नाही," असे त्या म्हणत.

"आज हा टब सुलटा करू," त्या पाचवीच्या मुलांना म्हणाल्या. "याच्याखाली कोण राहतं ते बघू."

सगळ्यांनी जोर लावला आणि मी कितीतरी वर्षांनी आकाश पाहिले. माझ्याखालच्या ओल्या मातीत किडे पळापळ करू लागले आणि मधोमध एक हिरव्या ठिपक्यांचा बेडूक डोळे मिचकावत बसलेला होता.

"बाई, याला पाणी हवं असेल," एल्दियार म्हणाला. तो वर्गातला सर्वांत बडबड्या.

"हवं तर आहे. देऊ या का? टब इथंच आहे."

"म्हणजे हा यात अंघोळ करणार?"

"करेल की. तुझ्यापेक्षा जास्त वेळा करेल."

सगळा वर्ग हसला. त्या आठवड्यात मुलांनी जर्दाळूखाली खड्डा खणला. माझे पाय काढले, मला घासून धुतले आणि खड्ड्यात उतरवले. शाळेजवळून वाहणाऱ्या पाटाचे पाणी माझ्यात वळवले. तळाशी वाळू आली, ओढ्याकाठचे गवत आले. मुलांचे ते गार, चिखलाने माखलेले हात मला अजून आठवतात. आरोग्यधामात मला हजारो लोकांनी स्पर्श केला असेल, पण असा कोणी केला नव्हता.

सुरुवातीला मात्र माझ्यात फक्त डासांच्या अळ्या आल्या. मुख्याध्यापक ओमुरझाक सर काठाशी उभे राहून म्हणाले, "बुरुलबाई, हे तळं नाही, डासांचा पाळणा आहे. पुढच्या सप्टेंबरात शाळा उघडेपर्यंत बघतो. नाही जमलं तर यात माती भरायची आणि झेंडू लावायचे."

बाई म्हणाल्या, "चालेल सर. पण तोपर्यंत हात लावायचा नाही."

हिवाळा सरला, बर्फ वितळले आणि एका सकाळी माझ्या गवताला काळ्या मण्यांच्या लांबच लांब माळा गुंडाळलेल्या दिसल्या. बेडकिणीने अंडी घातली होती. मग रोज मुले चहाच्या गाळण्या आणि पांढऱ्या बशा घेऊन येत, हळूच पाणी घेत, पाहत आणि परत सोडत. त्या मुलांत साइकल नावाची एक मुलगी होती. तिचे आईवडील मॉस्कोत कामाला होते आणि ती आजीजवळ राहत होती. वर्गात ती बोलत नसे. आईचा फोन आला तरी हो आणि नाही एवढेच म्हणे, असे मुले सांगत. पण एकदा ओंजळीतल्या पाण्यात एक बेडूकमासा तिच्या बोटाला तोंड लावून गेला, आणि ती हसली. बाईंनी ते पाहिले. मीही पाहिले.

मे महिना सरला. शाळेला सुट्टी लागली आणि बहुतेक घरे मेंढ्या घेऊन डोंगरावरच्या कुरणांकडे निघाली. बुरुलबाईंच्या लेकीला बाळ व्हायचे होते, त्या शहरात गेल्या. साइकलच्या आजीकडे मेंढ्या नव्हत्या, जर्दाळूची चार झाडे होती. त्या दोघी गावातच राहिल्या. जाताना बाई साइकलला म्हणाल्या, "पाणी खाली गेलं की पाटाचं वळव. बाकी बेडूकमासे बघून घेतील."

बाकी ते बघून घेऊ शकले नाहीत, मित्रांनो. आणि त्याचे कारण मीच होतो.

बेडूकमाशांना मागचे पाय आले, मग पुढचे आले. शेपटी आखडू लागली. आता त्यांना पाण्याबाहेर येऊन श्वास घ्यायचा होता. नखाएवढी ती पिल्ले माझ्या भिंतीला चिकटून चढू पाहत आणि घसरून पाण्यात पडत. पुन्हा चढत, पुन्हा पडत. ज्या अंगावरून माशीसुद्धा घसरेल म्हणून माझे कौतुक झाले, त्याच अंगावर त्यांचा जीव थकत होता. मला हात नाहीत, ओरडता येत नाही. त्या दिवशी मला वाटले, भट्टीत माझ्यावर तो मुलामा चढलाच नसता तर बरे झाले असते.

सकाळी साइकल आली तेव्हा काही पिल्ले पांढरी पोटे वर करून तरंगत होती. तिने एक तळहातावर घेतले, हलवून पाहिले, आणि ती रडत घराकडे धावली. थोड्या वेळाने तिच्या मागून काठी टेकत तोक्तोबुबु आजी आल्या. हाताला जर्दाळूचा चिकट रस लागलेला होता आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

"तिकडं जर्दाळू सडायला लागलेत आणि ही बेडकांसाठी गळा काढतेय. काय झालंय तरी?"

"त्यांना वर येता येत नाही, आजी."

आजी वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. एक पिल्लू चढले, अर्ध्यावर गेले आणि घसरले. आजींच्या तोंडून "अगं बाई" असे बारीक आवाजात निघाले.

"यांना इथं आणलं कोणी?"

"ते आपले आपण आले. पण टब आम्ही पुरला."

"आणि बाहेर यायची वाट?"

"ती आम्ही केलीच नाही."

"मग आता करू या. रडून पिल्लं वर येत नाहीत. जा, गोठ्यातली फळी आण."

साइकलने फळी आणली. दोघींनी ती तिरकी करून माझ्यात सोडली, खालचे टोक वाळूत रोवले आणि वरचे काठावर टेकवले. पण ओली फळीही निसरडी होती. पिल्ले तिच्यावरूनही घसरली. आजी घरी गेल्या आणि नमद्याचा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या बसायच्या गालिच्याचा, एक जाड तुकडा घेऊन आल्या. लाल आणि तपकिरी नक्षी होती त्यावर.

"आजी, हा तर तुझ्या लग्नातला."

"माझ्या लग्नातला आहे म्हणून काय झालं? आता कोण येतंय माझ्या घरी बसायला? ठोक खिळे." मग त्या स्वतःशीच हसल्या. "बेडकांच्या पायाखाली लग्नातला नमदा. गावाला कळलं तर मला वेडी म्हणतील."

नमदा भिजला. त्याच्या खरखरीत लोकरीत एका पिल्लाने बोटे रुतवली. ते थांबले, पुढे सरकले, पुन्हा थांबले. पिल्लू काठावर आले, क्षणभर बसले आणि पुदिन्यात शिरले. त्याच्यामागे दुसरे निघाले.

तेवढ्यात आजींच्या खिशातला फोन वाजला. साइकलने तो घेतला. पडद्यावर तिची आई दिसत होती, डोक्याला कामाची पांढरी टोपी, मागे मोठाली पातेली.

"साइकल, जेवलीस का गं?"

"आई, ते राहू दे. हे बघ, हे बघ ना. नमद्यावर बघ."

"कुठं? मला काहीच दिसत नाही."

"तू हलू नको. म्हणजे मी हलत नाही. आता दिसलं? त्याला कालपर्यंत शेपूट होतं. आई, आम्ही त्यांना वाट केली, आजीनं नमदा कापला, आणि एकाच्या पाठीवर ठिपकेसुद्धा आलेत, आणि..."

ती बोलतच राहिली. पडद्यावरची आई आधी हसली, मग टोपीच्या कडेने डोळे पुसू लागली. आजी पाठ वळवून पुदिना खुडत बसल्या. तिथे खुडण्याजोगा पुदिना फारसा उरला नव्हता, तरी त्या खुडत राहिल्या.

सप्टेंबरात शाळा भरली. बुरुलबाई नातवाचे फोटो घेऊन परतल्या. ओमुरझाक सर तळे पाहायला आले. एव्हाना पाणकिड्यांनी आणि चतुराच्या पिल्लांनी माझ्यातल्या डासांच्या अळ्या फस्त केल्या होत्या. सरांनी बराच वेळ पाण्यात पाहिले आणि विचारले, "ही फळी कशाला?"

एल्दियार तोंड उघडणार, तेवढ्यात साइकल पुढे झाली. तिने सगळे सांगितले. किती मेली तेही सांगितले. लपवले काहीच नाही.

"मग मी झेंडू कुठं लावू?" सरांनी विचारले.

"काठानं लावा, सर. पिल्लांना सावली होईल."

आणि सरांनी ते खरोखर काठाने लावले.

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षे झाली. साइकल मोठी होऊन शिकायला गेली. आजी राहिल्या नाहीत. नमदा कधीच कुजून गेला. दरवर्षी कोणा ना कोणाच्या घरून नवा तुकडा येतो आणि पाचवीची मुले तो ठोकतात. भट्टीवाल्यांनी मला घडवले, आरोग्यधामाने मला मान दिला, त्यांचे उपकार आहेतच. पण माझा दोष ज्यांनी मला न फोडता दुरुस्त केला, त्या हातांचे ऋण सगळ्यांत मोठे.

तुमच्याही शाळेच्या आवारात जागा असेल. एखादे फुटके घमेले, जुने पातेले जमिनीत पुरा आणि त्यात पाणी भरा. कोण येते ते पाहायला गुडघ्यावर बसा, हात ओले होऊ द्या. फक्त पाणी भरून झाल्यावर लगेच उठू नका. नखाएवढा एखादा जीव आत आहे असे समजा आणि त्याच्या डोळ्यांनी वर बघा. वाट दिसली नाही, तर आत तिरका एक दगड ठेवा, आणि मगच घरी जा.