पलीकडच्या विहिरीचे पाट

"एकशे अठ्ठावीस जीबी दावतंय ना? मंग झालं तर!" सदाने पडद्यावर बोट आपटलं. "रॅम सगळी लागलीय. आता काय नारळ फोडू त्याच्यापुढं?"

"नारळ पहिल्याच दिवशी फोडलाय, बाबा," प्राप्ती म्हणाली. "एक चित्र व्हायला तीन तास लागतायत. मंगळवारी वीस चित्रं द्यायचीयत. नाही जमलं तर ते काम दुसऱ्याला देणार."

सदाने स्क्रूड्रायव्हर पुन्हा हातात घेतला. श्रीवर्धनच्या एसटी स्टँडसमोर बावीस वर्षं त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. खाऱ्या हवेने रॅमच्या पट्ट्यांचे दात काळे पडतात. ते खोडरबराने पिवळेजर्द करायचे आणि बंद पडलेला डबा बोलता करायचा, यात तालुक्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि घरातल्याच मशीनने गेले सहा दिवस त्याच्या नाकी नऊ आणले होते.

मशीनही साधं नव्हतं. प्राप्ती अजून न बांधलेल्या घरांची चित्रं करायची, खिडकीतून ऊन कसं येईल इथपर्यंत. पुण्यातली तिची कंपनी बंद पडली, तेव्हा दोन बॅगा घेऊन ती घरी आली आणि एका ऑफिसच्या लिलावातून तिने हे धूड उचललं. एका मदरबोर्डवर दोन प्रोसेसर, वजन भरलेल्या सिलिंडरएवढं. मशीन नीट चाललं तर ती घरूनच काम करणार होती. नाही चाललं तर पुन्हा पुण्यात नोकरी.

बारावीनंतर गेलेली मुलगी सणावारीच यायची, तीही पाहुण्यासारखी. आता दोन महिने तिच्या चपला दारात होत्या. दुकानातून आला की सदा आधी त्या चपलांकडे बघायचा आणि मग घरात शिरायचा. त्या तिथंच राहाव्यात, एवढंच त्याला हवं होतं.

जेवायची वेळ झाली की प्राप्ती मशीनला चित्र लावून उठायची. "चित्र शिजत ठेवलंय गं आई, वाढ!" मागोमाग मशीनचे पंखे असे सुटायचे की मैना कानावर हात ठेवायची.

"ह्ये मशीन हाय का भाताची गिरण?"

सदाने डिस्क बदलून पाहिली, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, विजेच्या दाबाला शिव्या घातल्या. चूक आपली असेल, एवढं सोडून त्याने सगळं तपासलं. रॅमच्या आठही पट्ट्या त्याने स्वतःच बसवल्या होत्या, पहिल्या प्रोसेसरच्या दोन्ही अंगांना ओळीने. दुसऱ्या प्रोसेसरजवळची आठ घरं मोकळी होती. ती पुढे रॅम वाढवायला ठेवली असतील, असं त्याने बावीस वर्षांच्या अनुभवावर ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळी तो मशीनचं झाकण पुसत बसला. झाकणाच्या आतल्या अंगाला लिलाववाल्यांनी हा एवढा कागद चिकटवला होता. सदाने खोबरेल लावून तो सोडवला. खाली एक आकृती छापलेली होती. दोन प्रोसेसरांचे दोन चौकोन, प्रत्येकाच्या बाजूला रॅमच्या घरांच्या आठ रेघा, दोन-दोनच्या जोडीने, आणि जोड्यांवर दोन्हीकडे एक ते चार आकडे. सदा बराच वेळ बघत राहिला. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"बाय, हिकडं ये! तुजा बाप येडा हाय."

प्राप्ती चहाचा कप घेऊनच आली. सदाचा बाप लोकांच्या सुपारीच्या वाड्या शिंपायचा, त्यामुळे सदाला दुसरं काही सुचलंच नाही.

"ह्या दोन वाड्या समज. हरेक वाडीला आपली विहीर, आन् विहिरीपासनं चार पाट. मी काय केलं, सगलं पानी एकाच विहिरीत वतलं. पलीकडचा गडी पान्याला हितवर येतोय, आन् त्याचे चारी पाट कोरडे."

"पण बेरीज तर बरोबर दाखवत होतं."

"पानी तेवडंच हाय गो. पोचत न्हवतं."

त्याने आठही पट्ट्या काढल्या, खोडरबराने पुसल्या आणि चार इकडे, चार तिकडे, एकेका पाटावर एकेक, अशा बसवल्या. पुढचं चित्र दीड तासात झालं. प्राप्तीने बापाला मिठी मारली आणि त्याच्या सदऱ्यावर चहा सांडला. मंगळवारी दुपारी वीसच्या वीस चित्रं गेली. सदाने येताना सुरमई आणली.

पुढच्या आठवड्यात ती पूनम नावाच्या मैत्रिणीबरोबर हरिहरेश्वरला गेली. तिथं असतानाच पुण्याहून निरोप आला, एक चित्र बदलून आत्ताच्या आत्ता हवंय. पूनमच्या लॅपटॉपवरून तिने घरचं मशीन चालवलं आणि चित्र पाठवूनही दिलं. रात्री सदा जेवत असताना ती परतली, उड्या मारतच.

"जरासुद्धा अडलं नाही, बाबा! शेजारी बसल्यासारखं चाललं."

सदाची छाती फुगली. "मंग! कुटनंपन चालंल ते आता," तो म्हणाला. म्हणाला, आणि त्याचा घास हातातच राहिला.

दोन दिवसांनी सकाळी प्राप्ती ओटीवर त्याच्याजवळ येऊन बसली.

"कामं वाढतायत, बाबा. पण पुण्याच्या लोकांना समोर बसून बोलायला माणूस लागतं. मैत्रिणींच्या खोलीत जागा आहे, पण तिघींच्यात हे धूड आणि हा आवाज नाही चालणार." तिने आत मशीनकडे पाहिलं. "खरं सांग. मशीन इथं ठेवून मी तिकडून चालवलं तर टिकेल? लाइट जाते, हवा खारी आहे. तू नाही म्हणालास तर नाही जात मी. जमेल तेवढं इथूनच करते."

पलीकडे तांदूळ पाखडणाऱ्या मैनाच्या हातातलं सूप थांबलं.

लाइट जाणं खरं होतं, खारी हवा खरी होती. एक 'न्हाय' पुरे होतं. मशीनबाबत बापाचा शब्द प्राप्तीने कधी दुसऱ्याला विचारून पाहिला नव्हता. ते 'न्हाय' सदाच्या अगदी जिभेवर आलं. एखादा शब्द इतका बोलावासा त्याला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

"चालंल," तो म्हणाला. "इन्व्हर्टर लावू. म्हयन्यातनं एकदा पट्ट्या पुशीन. मी हाय ना."

मग तो उठून मागल्या दारी गेला आणि स्वच्छ असलेले हात पुन्हा पुन्हा धूत राहिला.

आता मशीन आतल्या खोलीत असतं. सदा एक वाजता दुकान बंद करून घरी येतो. दारात सवयीने थांबतो, मग आत जाऊन मशीनपाशी खुर्ची ओढून बसतो. मशीन बारीक आवाजात चालू असतं. म्हणजे तिकडे पोरगी कामाला बसलेली आहे. फोन खिशात असतो, पण तो करत नाही.

दीडच्या सुमाराला पंखे सुटतात.

"मैना, वाढ गो," सदा हाक मारतो. "पोरीनं चित्र शिजत ठेवलं."

ती खरोखरच तेव्हा जेवायला उठते का, हे त्याने तिला विचारलेलं नाही. मैनानेही नाही. कधी पंखे सुटायला दोन वाजतात, कधी अडीच. तोवर भाताच्या टोपावरचं झाकण कोणी काढत नाही.