अडीचशे किलो

मोटरसायकल क्लबच्या कप्तानची गाडी आडवी झाली तेव्हा तिने आधी स्वतःचं इंजिन बंद केलं, मग स्टँड लावला, मग स्टँडखाली एक चपटा दगड सरकवून गाडी कलत नाही ना, ते दोनदा पाहिलं. घाई तिला नव्हतीच. हातमोजे काढून तिने आरशांवर अडकवले आणि कोरड्या ओढ्याच्या गोट्यांवरून ती सावकाश पुढे गेली.

डांबरी रस्त्यावर लांबच्या प्रवासासाठी बांधलेली, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली ती अवजड मोटरसायकल डाव्या कुशीवर पडली होती आणि डावी पेटी कप्तानच्या पोटरीवर बसली होती. सायलेन्सर उजवीकडे, म्हणजे वर होता. तिने सगळ्यात आधी तेच पाहिलं. दादाची गाडी उजवीकडे पडली होती.

"उभी काय राहिलीस? उचल की," कप्तान म्हणाला.

"टायरमधली हवा कमी करायला हवी होती. वर डांबरी रस्ता सोडताना मी केली, तेव्हा तुम्ही थांबला नाहीत."

"मला नाही लागत ते. आधी गाडी उचल."

ओढ्याची ही वाट तिनेच मागून घेतली होती. दादा पडला ती जागा एकदा दाखवा, असं तिने क्लबातल्या सगळ्यांसमोर म्हटल्यावर कप्तानला नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. बाकीचे डांबरी रस्त्याने परत गेले. आणि नेमकं त्याच वळणावर, जिथे दोन वर्षांपूर्वी दादा पडला होता, कप्तानचं हँडल डगमगलं.

दादाची ती अशा वाटेवरची पहिलीच फेरी होती. तो दीड तास गाडीखाली होता. तापलेल्या सायलेन्सरने आधी बूट जाळला, मग पाय. "एकट्या माणसाला अडीचशे किलो उचलत नाहीत, म्हणून मी मदत आणायला धावलो," असं कप्तानने हॉस्पिटलात सांगितलं आणि घरच्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. तिनेसुद्धा घेतलं. दादाचा पाय गुडघ्याखाली कापला, तरी 'कप्तान होता म्हणून जगलो' हे त्याचं पालुपद सुटलं नाही. अजूनही कप्तान दारात आला की तो चाचपडत कुबडी शोधतो आणि उभा राहतो.

मग एकदा दादाची गाडी दुरुस्तीला नेली असताना गॅरेजवाल्याने, साठीच्या काडीपैलवानाने, ती आडवी पडलेली तिच्या डोळ्यांदेखत एकट्याने उभी केली. "ताकद नाही ताई, युक्ती आहे," म्हणून तो हात पुसत निघून गेला. ती मात्र तिथेच बसून राहिली. कप्तानला ही युक्ती ठाऊक होती का? एवढ्या एका प्रश्नापायी ती गाडी शिकली, क्लबात गेली, आठ महिने त्याच्या मागे फिरून गोड बोलली. राग गिळून गोड बोलणं हे गाडीपेक्षा जड काम होतं.

ती वाकली, पेटीकडे पाहिलं आणि सरळ झाली.

"एकट्या माणसाला अडीचशे किलो उचलत नाहीत, कप्तान. मी मदत आणते."

ती वळली आणि आपल्या गाडीपाशी गेली.

"अगं थांब. कुठे निघालीस? इथे फोन लागत नाही. जाऊन यायला दीड तास जाईल."

"हो, दीड तासच लागतो," ती म्हणाली आणि हातमोजे चढवू लागली.

"ऐक माझं. ताकद लागत नाही त्याला. हँडल पूर्ण जमिनीकडे वळव. आता गाडीकडे पाठ कर, सीटच्या कडेला बूड टेकव. एक हात हँडलला, दुसरा मागच्या कॅरियरला. पाठ ताठ ठेव आणि पायांनी रेटत मागे सरक, एकेक पाऊल. येते वर."

"एकट्याला?"

"एकट्यालाच. मी शंभरदा उचललीय. पंधरा वर्षं उचलतोय."

आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. तिने या घटकेसाठी आठ महिने शिव्या जमवून ठेवल्या होत्या. त्यातली एकही आता तोंडात येईना. तिने पुन्हा हातमोजे काढले, परत येऊन हँडल वळवलं, पाठ लावून खाली बसली आणि रेटा दिला.

"पाय काढा," ती दातओठ खात म्हणाली.

गाडी उभी राहिली. पुरतं एक मिनिटही लागलं नव्हतं. कप्तानची पोटरी सुजली होती, हाड शाबूत होतं.

"तू होतीस म्हणून सुटलो," तो खाली बघत म्हणाला.

"दादाही असंच म्हणतो. तुमच्याबद्दल."

त्याने हेल्मेटचा पट्टा ओढून घट्ट केला.

"घाबरलो होतो गं. तो ओरडत होता, जळल्याचा वास येत होता. पाय आपोआप पळाले. त्याला सांगू नकोस."

"मी नाहीच सांगणार," ती म्हणाली. "पुढे तुम्ही व्हा. मी मागेच आहे."

परतीच्या रस्त्यावर तिने हेडलाइट चालू ठेवला आणि त्याच्या आरशातून जराही बाजूला झाली नाही. डाव्या पायाने गिअर टाकताना दर वेळी त्याचा खांदा आखडत होता. ते पाहून तिला बरं वाटत होतं, अगदी मनापासून बरं वाटत होतं.

शहराच्या अलीकडे रस्ता फुटतो. डावीकडे कप्तानचं घर, उजवीकडे दादाचं. कप्तानच्या गाडीचा डावा इंडिकेटर लुकलुकू लागला. तिने हॉर्न वाजवला, एकदाच, तोही लांब नाही.

डावा दिवा विझला. थोडं अंतर कुठलाच लागला नाही. मग उजवा लागला.