मनोरमाबाईंची तिसरी पायरी

वसुधाच्या एम.एड.च्या प्रबंधाचा विषय ऐकूनच कारखान्याच्या टाउनशिपमधल्या बायका जरा सावरून बसत. ‘वयानुसार होणारा नैतिक विकास’! बरंवाईट ठरवण्याची माणसाची समज सहा पायऱ्या चढत जाते, असा तो सिद्धांत. सगळ्यात खाली शिक्षेची भीती, तिसऱ्या पायरीवर आपल्या माणसांची मर्जी, चौथीवर कायदा, आणि अगदी वर स्वतःच्या बुद्धीने पारखलेलं तत्त्व. वसुधा घरोघरी जाऊन एक पेचाची गोष्ट सांगे, उत्तर टिपून घेई आणि ज्याला त्याला पायरी देई.

गोष्ट तिनेच रचलेली होती. टाकीवरच्या माणसाला ठरलेल्या वेळेखेरीज पाणी सोडायची परवानगी नाही. एका क्वार्टरमध्ये मूल तापाने फणफणलंय आणि घरात थेंब नाही. त्याने पाणी सोडावं का?

“नाही,” तिचा नवरा हेमंत म्हणाला होता. “एकासाठी सोडलं की उद्या वेळापत्रकाला अर्थ काय?” तो टाउनशिपच्या इस्टेट ऑफिसात होता. त्याला चौथी पायरी मिळाली.

सासूबाई, मनोरमाबाई, मेथी निवडत होत्या. “शेजाऱ्यांनी बादलीभर दिलं नाही?”

“आई, गोष्टीत शेजारी नाहीत.”

“क्वार्टर आहे आणि शेजारी नाहीत? बरं, त्या मुलाच्या आईला काय हवंय ते तरी विचारलं का कुणी?”

वसुधाने तीनचा आकडा लिहिला. सासूबाई मायाळू, पण तत्त्वाचा विचार काही त्यांच्याच्याने होत नाही, असं तिला वाटलं.

जानेवारीत वरच्या मजल्यावरच्या सरोजवहिनींची फाइल हेमंतच्या टेबलावर आली. त्यांचे यजमान कारखान्यात फोरमन होते, दिवाळीच्या सुमारास हार्ट अटॅकने गेले. नियमाप्रमाणे महिनाअखेर क्वार्टर सोडायचं होतं. आणि त्यांच्या मुलीची, शालिनीची, अकरावीची परीक्षा मार्चमध्ये; तेव्हा बोर्ड अकरावीलाच असे.

“दोन महिने दाबून ठेवा ना फाइल,” जेवताना वसुधा म्हणाली. “नियम माणसासाठी असतात.”

“आणि माझ्यावर चार्जशीट आली म्हणजे? वेटिंग लिस्टमध्ये दीडशे लोक आहेत. ती माणसं नव्हेत?”

“तुम्हाला फक्त नियम दिसतो!”

“तुला फक्त तुझा प्रबंध दिसतो!”

शब्दाने शब्द वाढला. हेमंत अर्ध्या ताटावरून उठला. सकाळी कारखान्याचा भोंगा झाल्यावर मनोरमाबाईंनी चपला घातल्या आणि कठड्याला धरून जिना चढू लागल्या. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून वसुधाही मागोमाग गेली.

सरोजवहिनी गॅसपाशी उभ्या होत्या. मनोरमाबाई टेकल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, “सरोज, तुला इथं राहायचंय का?”

सरोजवहिनींना रडू फुटलं. “नाही हो मावशी. भोंगा झाला की मी अजूनही ह्यांच्यासकट दोघांचा चहा टाकते. मला इथून जायचंय. उज्जैनला भाऊ कधीचा बोलावतोय. पण हिची परीक्षा... आणि मुदत वाढवा म्हणून तुमच्या हेमंतभाऊंना कुठल्या तोंडानं सांगू?”

“मग शालिनी आमच्याकडे राहील परीक्षेपर्यंत. त्यात सांगायचं काय?”

वसुधा दारातून ऐकत होती. गेल्या तीन महिन्यांत ती दोनदाच वर आली होती, एकदा भेटायला आणि एकदा प्रश्नावली घेऊन. काल तिने ज्या बाईसाठी एवढं भांडण केलं, तिला काय हवंय हे वसुधाला ठाऊकच नव्हतं. हेमंतलाही नव्हतं.

महिनाअखेर सरोजवहिनींनी वेळेवर किल्ली दिली. सामानाचा ट्रक हेमंतनेच ठरवला आणि उज्जैनपर्यंत सोबत गेला. वसुधाने आपलं टेबल शालिनीला दिलं आणि स्वतः जमिनीवर बसून लिहू लागली. मनोरमाबाई पहाटे उठून पोरीला दूध गरम करून देत.

वसुधाने हा सगळा प्रकार मार्गदर्शक सरांना सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “चांगल्या बाई आहेत, पण गुण उत्तराला असतात, वागण्याला नाही. तीनच राहील.” वसुधा पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घालू लागली. विचारपूस करणं ही समज नव्हे का, मग तिला वेगळी जागा का नको? सरांनी नकारार्थी मान हलवली. शेवटी आकडा तीनच राहिला, पण तळाशी दोन पानांची टीप जोडायला त्यांनी परवानगी दिली. त्या दोन पानांपायी प्रबंध एक सत्र लांबला.

एप्रिलमध्ये सरोजवहिनी लेकीला न्यायला आल्या. उज्जैनला एका शाळेत त्यांना शिवणकाम शिकवायची नोकरी लागली होती. चेहरा भरला होता. शालिनी वाकून नमस्कार करू लागली, तशी मनोरमाबाईंनी तिला मध्येच धरलं.

“गणिताचा पेपर बरा गेला म्हणालीस, तो खरंच बरा गेला का? आईसमोर सांग.”

“नाही आजी,” शालिनी म्हणाली आणि हसत हसत रडायला लागली.