पाच फेऱ्या मला सांभाळा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला एक सवय लागते. दार पूर्ण मिटलं की एक खटका बसतो, तो बसला की पुढचा, आणि सगळे बसले तरच मोटर फिरते. मेकॅनिकची एकोणीस वर्षं अशा खटक्यांमागे गेली होती. त्यामुळे रविवार दुपारच्या पत्त्यांतही त्याला खटके दिसू लागले, यात त्याचा फारसा दोष नव्हता.

खेळ सुपरहिरोंचा होता. चौघांनी मिळून एका खलनायकाला हरवायचं. जिंकले तर चौघं, हरले तर चौघं. प्रत्येकाला एक वीर आणि त्याचा चाळीस पत्त्यांचा संच. संचात कुठले पत्ते घालायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं. टेबलाशी माणसं ठरलेली: मेकॅनिक, त्याची नर्स बायको, पोहायला शिकवणारी मेहुणी आणि सासरे. सासरे छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. नियमपुस्तिका त्यांच्या ताब्यात असे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तीत सतरा चुका काढून पेन्सिलीने दुरुस्त केल्या होत्या.

मेकॅनिकचा वीर लोहार होता. एकदा पत्ते चाळताना त्याच्या लक्षात आलं की त्यातले तीन एकत्र आले तर भलतंच काहीतरी होतं. 'हातोडा' टाकला की खलनायकाला एक फटका बसे. 'भट्टी' मांडलेली असली की हत्यार फुकटात टाकता येई. आणि 'चुंबक' असला की टाकलेलं हत्यार परत हातात येई. म्हणजे टाका, मारा, उचला, पुन्हा टाका. याला शेवट नव्हता.

तो सासऱ्यांकडे गेला. त्यांनी तिन्ही पत्ते चष्मा वर करून वाचले.

"'एकदाच' असं कुठे छापलेलं नाही," ते म्हणाले. "छापायचं राहिलं असेल. पण राहिलंय खरं."

त्या आठवड्यात मेकॅनिकने संच नव्याने बांधला. तीन पत्ते लवकर हाती लागावेत म्हणून पत्ते ओढायला मदत करणारे जेवढे होते तेवढे घातले. मग जागेसाठी ढाली काढल्या, आणि ढालींनंतर मलमपट्टी.

"मलमपट्टीसुद्धा?" नर्सने विचारलं.

"तिचा साखळीला उपयोग नाही."

रविवारी समोर खलनायक गंजासुर होता. मेकॅनिकने बसल्या बसल्या सांगून टाकलं, "पाच फेऱ्या मला सांभाळा. मग तुम्हाला काही करावंच लागणार नाही."

त्यांनी चार सांभाळल्या. गंजासुराने लोहारावर उगारलेला प्रत्येक घाव सासऱ्यांच्या वीराने अंगावर घेतला, आणि चौथ्या फेरीत तो आडवा झाला. त्याच्यामागे नर्सचा, मग मेहुणीचा. लोहाराला ओरखडाही नव्हता, पण एकटा उरल्यावर त्याचंही काही चाललं नाही. मेकॅनिकने उरलेले पत्ते उलटून पाहिले.

"चुंबक जवळजवळ आलाच होता."

"कुठे होता?" मेहुणीने विचारलं.

"खालून दुसरा."

पुढच्या रविवारी मात्र साखळी लागली. तिसऱ्याच फेरीत. मेकॅनिक हातोडा टाकत होता, एक म्हणत होता, उचलत होता, टाकत होता, दोन म्हणत होता. नर्सने युनिफॉर्मच्या घड्या घालून घेतल्या. मेहुणीने ओला टॉवेल उलटा करून वाळत टाकला आणि पाच मिनिटं त्याच्याकडे बघत उभी राहिली. सासरे कागदावर रेघा ओढत होते, कारण मोजणीत चूक झालेली त्यांना खपली नसती. अठ्ठेचाळिसाव्या फटक्याला गंजासुर संपला.

"मग आपण जिंकलो का?" मेहुणी म्हणाली.

"हो."

"बरं झालं," असं म्हणून ती चपला शोधायला गेली.

सगळे गेल्यावर नर्स कप विसळत म्हणाली, "आठवडाभर मी वॉर्डात लोकांना सांभाळते. रविवारी तुला सांभाळते. पण तिथला पेशंट निदान मी कशी आहे ते विचारतो."

मेकॅनिकने कप पुसून फडताळात ठेवले. दोन दिवसांनी एका दवाखान्याच्या लिफ्टवर, दोन मजल्यांच्या मधोमध उभा असताना, त्याला वाटलं की तिन्ही पत्ते एकाच हातात कशाला हवेत? ते कुठल्याही वीराला चालणारे होते, आणि भट्टी नि चुंबक कुणीही मांडले तरी चौघांना लागू पडत. त्याने भट्टी मेहुणीला दिली, चुंबक सासऱ्यांना दिला, हातोडा आपल्याकडे ठेवला. मलमपट्टी परत घातली. चार ढालीही.

तिसऱ्या रविवारी पत्ते चांगले आले. चौथ्या फेरीत मेहुणीने भट्टी मांडली होती, मेकॅनिककडे हातोडा होता, आणि सासऱ्यांच्या हातात एकच पत्ता उरला होता तो चुंबक. पुढच्या फेरीला सगळं जुळणार होतं. तेवढ्यात गंजासुर मेहुणीवर वळला. तिचा एकच प्राण शिल्लक होता. दुसऱ्यावरचा घाव अडवायचा तर हातातला एक पत्ता टाकून द्यावा लागे.

सासऱ्यांनी चुंबक टाकून दिला.

मेकॅनिकने त्या पत्त्याकडे पाहिलं. "बाबा, तो ठेवला असता तर पुढच्या फेरीत आपण जिंकलो होतो."

"आणि ही?"

"ही गेली असती. पण जिंकलो असतो."

"मला तिच्याकडे बघत बसायचं नव्हतं," सासरे म्हणाले. "तुमची पाळी आहे, जावईबापू."

मेकॅनिकने हातोडा टाकला. एक फटका बसला आणि हातोडा तिथेच पडून राहिला. त्यानंतर दीड तास कुणालाच उसंत मिळाली नाही. नर्स एकाला पट्टी बांधत होती, तोवर दुसरा पडत होता. मेकॅनिकने आयुष्यात पहिल्यांदा ढाल वापरली, तीही बायकोसाठी, आणि वापरताना नियम दोनदा विचारून घेतला. शेवटी गंजासुरात दोन प्राण उरले, तेव्हा मेहुणीच्या हातात साधा ठोसा होता, दोन प्राणांचा. तिने तो टेबलावर हळूच ठेवला.

"जिजू, हा चालेल ना?"

"चालेल," मेकॅनिक म्हणाला. मग त्याला खुर्चीत नीट बसताच येईना. तो उठला, खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. नर्सने त्याला इतकं हलताना लिफ्ट अडकल्याशिवाय पाहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या बुधवारी सासरे एकटेच आले. खिशातून रबर लावलेला गठ्ठा काढून त्यांनी जावयासमोर ठेवला.

"मीही एक संच बांधलाय. जरा तपासून द्या. छापलेलं मी तपासतो, पण बांधलेलं तपासता येत नाही."

मेकॅनिकने पत्ते एकेक करून टेबलावर मांडले. ढाली, मलमपट्ट्या, घाव अडवणारे, घाव वळवणारे, पुन्हा ढाली. चाळीसच्या चाळीस तसेच.

"बाबा, यात मारणारा एकही पत्ता नाही."

"नाही."

"मग खलनायकाला मारणार कोण?"

"तुम्ही तिघं आहात की," सासरे म्हणाले.

मेकॅनिकने पत्ते पुन्हा एकदा पाहिले. संच म्हणून तो अगदीच वाईट होता. त्याने गठ्ठा सारखा केला, रबर लावलं आणि सासऱ्यांच्या हातात दिला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "चहा टाकू का?"